नातवाचं फुलपात्र

नातू सव्वा वर्षाचा झाला आणि आमच्या घरात एक बारीकसं भांडण लागलं. पोरानं आता दूध-पाणी कशातून प्यायचं, एवढाच मुद्दा. पण तीन दिवस चाललं.

सूनबाई पुण्यात वाढलेली. तिनं मोबाईलवरून एक कप मागवला. प्लॅस्टिकचा, दोन कानांचा, वर घट्ट झाकण आणि झाकणाला चोच. उलटा केला तरी थेंब सांडत नाही. आमची मंडळी म्हणाली, "प्लॅस्टिक कशाला? तांब्याचा पेला आणा. आता डॉक्टरसुद्धा तांब्याचंच सांगतात." कुठला डॉक्टर ते तिला सांगता येईना, मोबाईलवरचाच असणार. मुलगा म्हणाला, "मी कशातनं प्यालो तेच त्याला द्या की." आणि मग तिघांनी माझ्याकडं बघितलं.

मी काही बोललो नाही. शिडी लावून माळ्यावर चढलो आणि गोणपाटात बांधलेलं एक गाठोडं खाली आणलं. त्यात एक पितळी पातेली आहे आणि एक पितळी फुलपात्र. दोन्हींवर बारीक ठिपक्यांनी आईचं नाव घातलंय, त्याखाली माझ्या आजोबांचं. आई जाऊन नऊ वर्षं झाली. तिनं ही भांडी कधी मोडीत घालू दिली नाहीत आणि कुणाला वापरूही दिली नाहीत. का, ते घरात माझ्याशिवाय कुणाला माहीत नव्हतं. सूनबाईला सांगायला बसलो ते दिवेलागण झाली. तेच इथं लिहितोय.

आमच्या लहानपणी तान्ह्या पोराला वरचं दूध द्यायची वेळ आली तर बोळा असायचा. स्वच्छ धुतलेल्या कापडाची वात करायची, दुधात बुडवायची आणि पोराच्या तोंडात द्यायची. "आम्ही काय बोळ्यानं दूध पीत नाही" असं आपण अजून म्हणतो ते त्यावरनंच. जरा बरं घर असलं तर बोंडलं असे. बोंडलं म्हणजे वाटीच, पण तिला पुढं लांब चोच. पितळेचं असायचं, श्रीमंताघरी चांदीचं. पोराला मांडीवर आडवं घ्यायचं आणि चोचीतून थेंब थेंब सोडायचा. सूनबाईचा कप बघून मला पहिल्यांदा बोंडलंच आठवलं. फरक इतकाच की बोंडल्यातलं दूध आपोआप ओघळायचं, ह्याच्यातलं पोराला ओढावं लागतं.

पोर बसायला लागलं की बोंडलं सुटायचं आणि फुलपात्र यायचं. फुलपात्राचा काठ बाहेर वळलेला असतो, त्यामुळं ओठाला कापत नाही. बूड जड असतं. ज्यानं पहिल्यांदा हा आकार घडवला त्याच्या घरी लहान पोर असलं पाहिजे असं मला कायम वाटत आलंय.

आमचं गाव पुरंदरातलं. सासवडला बाजार, पलीकडं दिवे घाट उतरला की पुणं. जमीन हलकी, पाणी पावसाचं, पण दारात दोन गाई आणि एक म्हैस असल्यामुळं आमचं घर खातंपितं समजलं जायचं. आई लग्न होऊन आली तेव्हा तिच्या वडलांनी पितळेची भांडी दिली होती. पुण्याच्या तांबट आळीतनं बैलगाडीत घालून आणलेली. आईला त्याचा फार अभिमान. चिंच आणि राख लावून ती भांडी अशी घासायची की कोनाड्यातला दिवा त्यात दिसायचा. ज्यांच्याकडं पितळ नव्हतं ती माणसं मडक्यात नाहीतर जरमनच्या भांड्यात दूध तापवायची. त्यांच्याकडं आम्ही, खोटं कशाला सांगू, जरा वरूनच बघत होतो.

पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. त्याला आतनं कल्हई लागते. कल्हईवाला वर्षातनं एक-दोनदा यायचा. पारावर खड्डा खणून भट्टी करायचा, कातड्याचा भाता जोडायचा. भांडं तापलं की त्यात नवसागराची चिमूट टाकायचा. पांढरा धूर निघायचा आणि नाकात झोंबायचा. मग कथलाची कांडी एकदा टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते कथील असं फिरवायचं की काळं भांडं डोळ्यांदेखत चांदीचं व्हायचं. मग पाण्यात बुडवलं की चर्र. शाळा सोडून आम्ही ते बघत बसायचो.

कल्हई उडाली की पितळ उघडं पडतं, हे बायकांना माहीत होतं. ताक, आमटी, चिंचेचं सार पितळेत ठेवलं तर कळकतं, हिरवं होतं, जीभ ओढते. आंबट ठेवायचं नाही हे शहाणपण पिढ्यान् पिढ्यांचं. पण दूध कळकत नाही. निदान आमच्या जिभेला तरी काही कळलं नाही. त्यामुळं कल्हई उडालेल्या भांड्यात ताक नको, पण दूध चालेल, असा हिशोब होता.

१९६७ च्या श्रावणात माझा धाकटा भाऊ झाला. आम्ही त्याला धाकलाच म्हणायचो. तो दीड महिन्याचा असताना आईला विषमज्वर झाला. महिनाभर ती अंथरुणात होती आणि तिचं दूध आटलं. मग धाकल्याला गाईचं दूध सुरू झालं. आजीनं सांगितलं, पोराचं दूध चांगल्या भांड्यात तापवा. चांगलं भांडं म्हणजे हीच पातेली. सकाळी धार काढली की दूध तिच्यात तापायचं आणि संध्याकाळपर्यंत चुलीच्या वैलावर कोमट राहायचं. पोर रडलं की त्यातलं बोंडल्यात. पुढं तो बसायला लागल्यावर ह्या फुलपात्रात. दुसऱ्या कुणी ते दूध घ्यायचं नाही अशी सक्त ताकीद होती. घरातलं सगळ्यात चांगलं जे होतं ते त्या पोराला मिळालं.

दूध संपल्यावर तळाला खरवड राहते. ती मला मिळायची. लोखंडी उलथन्यानं मी ती करकरून काढायचो, अगदी तळ पांढरा-पिवळा दिसेपर्यंत. मी तेव्हा सात-आठ वर्षांचा. कथलाचा थर किती पातळ असतो हे मला कोण सांगणार?

धाकला वर्षाचा झाला आणि किरकिरा झाला. बारीक ताप यायचा. मग पोट वाढायला लागलं. हातपाय काड्या आणि पोट नगारा. उजव्या बरगडीखाली हात लावला तर काहीतरी कडक लागायचं, फळकुटाच्या कडेसारखं. सगळे म्हणाले, लिव्हर झालं. त्या काळी हा शब्द गावात सगळ्यांना माहीत होता. "अमक्याचं पोर लिव्हरनं गेलं" हे दर दोन-चार वर्षांनी कानावर यायचं. एकाच घरातली दोन-दोन पोरंही गेलेली होती. मग त्या घराला काहीतरी बाधा आहे असं ठरायचं.

एका म्हातारीनं पोटावर डाग दिले. ते मी बघितलंय आणि ते इथं जास्त लिहीत नाही. सासवडच्या डॉक्टरांनी बाटली दिली. दादा देवऋषीकडंही जाऊन आले. शेवटी डोळे पिवळे झाले, पोटात पाणी झालं. १९६९ ची संक्रांत झाली आणि दोन आठवड्यांनी तो गेला. दीड वर्षाचा. शेवटपर्यंत त्याला फुलपात्रातनं दूध पाजत होते, अंगात ताकद यावी म्हणून.

मग १९७२ चा दुष्काळ आला. विहिरी आटल्या, जनावरं विकली, आई-दादा खडी फोडायला गेले. घराघरातलं पितळ बाजारात गेलं. आमची पातेली आणि फुलपात्र दादांनी एका दुकानदाराकडं गहाण टाकलं. आई रडली. दुष्काळ सरता सरता, १९७३ मध्ये, माझी बहीण झाली. तिचं वरचं दूध जरमनच्या पातेल्यात तापलं, पोचे आलेल्या. आईला त्याची लाज वाटायची. "पहिल्याला पितळेत, हिला जरमनात," असं म्हणायची. बहीण ठणठणीत राहिली. आज ती आजी झालीये. तिला आईचं दूधही भरपूर मिळालं होतं, त्यामुळं सगळं श्रेय मी भांड्याला देत नाही. पण त्या गहाणाला आम्ही दुर्दैव म्हणत होतो, हे लक्षात आहे. पुढं दोन सुगी बऱ्या गेल्यावर दादांनी भांडी सोडवून आणली. तोवर घरात लहान पोर नव्हतं.

मी १९७६ ला दहावी झालो आणि शेतीत आलो. १९८५ च्या सुमाराला माझ्या चुलतभावाच्या पोराला तसंच झालं. तेच बारीक ताप, तेच पोट. घरातल्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या. मी म्हटलं, डाग-बिग काही नाही, पुण्याला न्यायचं. पोराला घेऊन आम्ही मोठ्या दवाखान्यात गेलो. तिथल्या डॉक्टरीण बाईंनी पोट तपासलं आणि पहिला प्रश्न काय विचारावा?

"दूध कशात तापवता?"

चुलतभाऊ म्हणाला, "पातेल्यात."

"पातेलं कशाचं? पितळेचं? आत कल्हई आहे का?"

आम्हाला वाटलं बाईंचं काहीतरी चुकतंय. पोर आजारी आणि ह्या भांडी विचारतात. पण त्यांनी नीट समजावून सांगितलं. पुढं मी लिहायला लागल्यावर एका ओळखीच्या डॉक्टरांकडनं त्यामागचा सगळा इतिहास समजून घेतला, तो थोडक्यात सांगतो.

हा आजार डॉक्टरांच्या कागदावर आला तो १८८७ साली, कलकत्त्यात. त्यानंतर जवळजवळ शंभर वर्षं तो हिंदुस्थानातल्या पोरांनाच का होतो ह्याचा पत्ता लागत नव्हता. कुणी म्हणे वंशातला, कुणी म्हणे खाण्यातला. मेलेल्या पोरांच्या यकृतात तांबं मात्र प्रचंड सापडायचं. पुण्याच्या के. ई. एम. हॉस्पिटलात डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे ह्यांनी इंग्लंडच्या डॉ. टॅनर ह्यांच्याबरोबर त्याचा माग काढला. १९८३ साली त्यांनी 'लॅन्सेट' ह्या मोठ्या वैद्यकीय पत्रिकेत मांडलं की लहान वयात वरचं दूध आणि तेही पितळ-तांब्याच्या भांड्यातलं, हे कारण असावं. मग आजारी पोरं आणि त्यांच्या जोडीची निरोगी पोरं घेऊन त्यांच्या आयांना विचारलं, किती महिन्यांपासून वरचं दूध, कशात तापवलं, कशात ठेवलं. आजारी पोरांच्या घरी पितळ-तांबं फार जास्त निघालं, आणि वरचं दूधही लवकर सुरू झालेलं. ही विचारपूस १९८७ साली छापून आली.

कारण असं, की साधं पाणी पितळेतनं तांबं फारसं घेत नाही, पण दूध घेतं. दुधातलं केसिन तांब्याला धरून ठेवतं. तापवलेलं दूध तासन् तास तसंच ठेवलं की आणखी. मोठ्या माणसाचं यकृत जादा तांबं पित्तावाटे बाहेर टाकतं. तान्ह्याच्या यकृतात जन्मतःच तांब्याचा साठा असतो आणि बाहेर टाकायची ताकद कमी. म्हणून तीच खरवड खाऊन मी राहिलो. अंगाचा घडवही लागतो म्हणतात, कारण पितळेतलं पिणारं प्रत्येक पोर काही आजारी पडलं नाही.

आणि हे फक्त आपल्याकडंच झालं असंही नाही. ऑस्ट्रियातल्या टिरोल ह्या डोंगराळ भागात, तिथंही शेतकरीच, १९०० ते १९७४ च्या दरम्यान १३८ बाळं अशाच आजारानं गेली. तिथं कल्हई नसलेल्या तांब्याच्या भांड्यात दूध तापवायचे. भांडी बदलली आणि आजार गेला. हे त्यांनी १९९६ साली जगापुढं मांडलं. आपल्याकडंही तसंच झालं. बोहारणी दारोदार फिरून जुन्या लुगड्यांवर स्टील देऊ लागल्या, पितळ मोडीत गेलं, आणि नव्वदीनंतर हा आजार दिसेनासा झाला. त्या बोहारणींनी किती पोरं वाचवली ह्याची नोंद कुठंच नाही.

चुलतभावाच्या पोराला पुण्यात पेनिसिलामाइन नावाचं औषध दिलं. अंगातलं तांबं ते लघवीवाटे बाहेर काढतं. आजार फार पुढं गेला नव्हता, पोर वाचलं. त्याच्या लग्नात मी वाढपी होतो.

दवाखान्यातनं परत येताना दिवे घाटात एसटीत बसून मी एकच विचार करत होतो. आईला सांगायचं का? पंधरा-सोळा वर्षं झाली होती. तिनं तिच्या माहेरच्या सगळ्यात चांगल्या भांड्यात पोराला दूध दिलं होतं. ते सांगून काय करायचं? मी ठरवलं, नाही सांगायचं. चुलतभावालाही गप्प राहा म्हटलं. पण गावात गोष्ट राहते का? विहिरीवर चुलतभावाच्या बायकोनं सगळ्यांना सांगितलं की दूध पितळेत तापवू नका.

त्या रात्री आई जेवली नाही. सकाळी बघतो तर मांडणीवरची पातेली आणि फुलपात्र नव्हतं. तिनं गोणपाटात बांधून माळ्यावर टाकलं होतं. एक शब्द बोलली नाही. १९८७ ला माझा मुलगा झाला तेव्हा सासवडहून स्टीलचं पातेलं आणि स्टीलचं फुलपात्र ती स्वतः जाऊन घेऊन आली. दुकानदाराला म्हणे, लोहचुंबक लावून दाखव. त्याचा काय उपयोग ते तिलाही माहीत नव्हतं, पण तिला काहीतरी तपासल्याशिवाय चैन पडेना.

ती बोलली ती फार उशिरा. शेवटच्या आजारपणात मी उशाशी बसलेलो. म्हणाली, "त्या वर्षी कल्हईवाला आल्ता. पैसं लई मागत हुता. मी म्हणलं, दिवाळीला बघू." थोड्या वेळानं परत म्हणाली, "दिवाळीला तो आलाच न्हाई."

म्हणजे इतकी वर्षं ती हा हिशोब करत होती. मग मीही माझा सांगितला. उलथन्यानं खरवड काढायचो, कल्हई मीच खरवडली असंल. ती माझ्याकडं बघत राहिली. म्हणाली, "तू येवढासा हुतास रं. तुला काय कळतंय." मी म्हटलं, "आणि तुला तरी कुठं कुणी सांगितलं हुतं?" त्यावर तिनं मान फिरवली. पटलं का नाही ते कळलं नाही.

सूनबाई हे ऐकताना नातवाला मांडीवर घट्ट धरून बसली होती. आमची मंडळी चाळीस वर्षं ह्या घरात आहे, तिलाही हे नवीन होतं. तांब्याच्या पेल्याचं नाव तिनं तिथंच सोडलं. मी म्हटलं, मोठ्या माणसानं तांब्याच्या तांब्यातलं साधं पाणी प्यावं, माझी ना नाही. पण पोराच्या हातात तांब्याचा पेला दिला की आज पाणी, उद्या त्यात कुणीतरी दूध घालणार, परवा ताक, लिंबाचं सरबत. घरात चार माणसं, कोण कुणावर लक्ष ठेवणार?

राहिला चोचीचा कप. त्याचं झाकण मी सूनबाईपुढं उघडलं. आत रबराची पडदी होती, तिच्या खाचेत चार दिवसांचं दूध साचून काळपट झालं होतं. ती रोज धुवत होती बिचारी, पण ती पडदी निघते हेच तिला कुणी सांगितलं नव्हतं. दुसरं असं, की सांडत नाही म्हणून पोर तो कप दिवसभर तोंडात घालून फिरतं. दूध दातांवर राहतं आणि दात किडतात. प्लॅस्टिकच्या बाटल्यांचीही एक गोष्ट आहे: पॉलिकार्बोनेट नावाचं कडक, काचेसारखं प्लॅस्टिक बाळाच्या बाटल्यांसाठी वापरायचे. त्यातनं बिस्फेनॉल दुधात उतरतं म्हणून २०१५ साली आपल्या मानक ब्युरोनं ते बंद केलं. म्हणजे दर पिढीला आपलं भांडं चांगलंच वाटतं. आईलाही वाटत होतं.

मी सांगितलं ते इतकंच. लहान स्टीलचं फुलपात्र घ्या. पोराच्या दोन्ही तळव्यांत मावेल एवढं, बूड जड, काठ बाहेर वळलेला, आत जोड किंवा खाच नको. एका बोटानं आतनं फिरवलं की सगळं हाताला लागलं पाहिजे, म्हणजे धुतलेलं कळतं. भरायचं नाही. दोन घोट घालायचे, पोराला बसवून प्यायला लावायचं, संपले की आणखी दोन. सांडणारच. सांडल्याशिवाय कुणी शिकलेलं नाही; मीही बैल औताला धरायला शिकलो तो तास वाकडे काढूनच.

सूनबाईनं तिच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. त्यांनीही उघड्या पेल्याचंच सांगितलं. सहा महिन्यांनंतर थोडं थोडं चालतं म्हणे. मग तिचा माझ्यावर विश्वास बसला. बसू दे, कसा का बसेना. चोचीचा कप तिनं टाकला नाही, एसटीच्या प्रवासाला ठेवलाय, फक्त पाण्यासाठी, आणि पडदी काढून धुते. ते मला मान्य आहे. हलत्या गाडीत उघडं फुलपात्र घेऊन मलाही पिता येत नाही.

सासवडहून स्टीलचं फुलपात्र मीच आणलं. पहिल्या दिवशी नातवानं ते डोक्यावर उपडं केलं. दुसऱ्या दिवशी माझ्या धोतरावर. आता आठवडा झालाय. दोन्ही हातांनी धरतो, नाक आत घालतो, दोन घोट पितो आणि रिकामं फुलपात्र माझ्यापुढं करून "आं" म्हणतो.

पातेली परत माळ्यावर चढवायला मी निघालो होतो. सूनबाईनं ती माझ्या हातातनं घेतली, चिंच लावून घासली आणि ओट्यावर ठेवली. त्यात तिनं लसणाच्या कुड्या ठेवल्यात.